शालिनीचं निघोजे

निगडीहून चाकणची बस सुटली तेव्हा खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते. मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि पुढे कंटेनरच्या रांगेत बस जी अडकली ती हलेचना. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणत्या कंपनीत? मी म्हटलं, कंपनीत नाही, मैत्रिणीकडे. खरं कारण सांगायचं तर फार लांबलं असतं.

शालिनी आणि मी श्रीरामपूरच्या एकाच मंडळीतल्या (चर्चमधल्या). सेवेचं प्रशिक्षणही बरोबरच घेतलं. तिला लगेच पाचारण झालं (देवाने कामासाठी दिलेली हाक) आणि ती इकडे चाकणजवळ निघोजे गावी, कंत्राटी कामगारांच्या वस्तीत येऊन राहिली. मी प्रार्थना करत राहिले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. आता पाळकसाहेबांना माझं उत्तर हवं होतं : शालिनीला जोडीदार म्हणून जाणार, की दुसऱ्या कोणाला पाठवू?

फाट्यावर उतरून रिक्षावाल्या काकांना पत्ता दाखवला. त्यांनी तो वाचलाही नाही.

"शालूताईकडं व्हय? बसा. आमच्या घरातलीच हाय ती."

तिथून जे सुरू झालं ते दिवसभर संपलं नाही. किराणावाला तिला हाक मारी, शिफ्ट संपवून येणाऱ्या मुली तिच्या गळ्यात पडत. चाळीच्या पत्र्याच्या खोल्यांमधून ती स्वतःच्या घरात फिरावं तशी फिरत होती. मी मागून तिची पिशवी घेऊन चालत होते. एका खोलीत मला प्रार्थना करायला सांगितलं. माझं 'आमेन' होताच एका आजींनी शालिनीचा हात धरला, "आता तू कर गं." माझे कान तापले. देवाने हिलाच का हाक मारावी, हा प्रश्न मी त्या दिवशी प्रार्थनेसारखा घोकत होते.

दुपारी आम्ही बालाजीकडे गेलो. तो नांदेडकडचा. प्रेसमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रात) त्याचा उजवा पंजा गेला होता. शालिनी त्याच्याशी छान बोलली, तो मान डोलवत राहिला. तेवढ्यात कोणाला तरी दवाखान्यात न्यायचं म्हणून तिला बोलावणं आलं. त्याच्या बायकोने, मंगलने, मला जेवूनच जायचा आग्रह केला. भाकरी, पिठलं, ठेचा. बालाजीचं ताट तसंच राहिलं. मंगल हळूच म्हणाली, परक्यासमोर ते जेवत नाहीत, मला भरवावं लागतं.

मी जे कधी कोणाला सांगत नाही ते सांगून गेले. "आमच्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा पंजा उसाच्या चरकात गेला. ते भाकरी मनगटाने ताटाच्या काठाशी दाबतात आणि डाव्या हाताने तोडतात."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.

"आन् नाडी वो? नाडी कशी बांधतेत?"

मी ओढणीचं एक टोक दातात धरून दाखवलं. गाठ सुटली. पुन्हा बांधली. मंगलला हसू आवरेना, मग तोही हसला आणि त्याने ताट पुढे ओढलं. पहिला तुकडा वेडावाकडा तुटला.

शालिनी परत आली तेव्हा तो जेवत होता. ती उंबऱ्यातच थांबली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी इतक्यांदा आले, माझ्यासमोर एक घास नाही खाल्ला त्याने."

तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. दिवसभर माझ्या मनात तोच होता. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. इतके दिवस मला शालिनीची जागा हवी होती. ती माणसं हवी होती का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. आता मात्र बालाजी बटणं कशी लावत असेल, हे डोक्यातून जाईना.

"इथे असे आणखी आहेत?" मी विचारलं.

"हात गेलेले? प्रत्येक गल्लीत."

परतीच्या वाटेवर फाट्यापर्यंत सगळे तिलाच हात करत होते. ते मला अजून टोचलं. मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

श्रीरामपूरला पोचले तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांच्या हाताबद्दल घरात कोणी बोलत नाही. पाळकसाहेबांकडे जायच्या आधी मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "अण्णा, एका हाताने शर्टाचं बटण कसं लावता?"

त्यांनी गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं काढली.

"नीट बघ," ते म्हणाले, "खालून सुरू करायचं."