अर्धा किलो चिकूचं रिव्हॉल्व्हर

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा, सांडेल. भर हायवेच्या कडेला, दोन्ही हात वर करून, जो गुन्हा मी केलाच नव्हता तो मी पोलिसांपुढे कबूल केला. वर तपशीलही पुरवला. एवढा शहाणा मीच!

चिखल्याला माझी चिकूची वाडी आहे आणि तलासरीच्या बाजूला थोडी भातशेती. गेल्या हंगामात वाडीतल्या पाण्याच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. तिसऱ्यांदा मी पहाटे आडवा गेलो, तर दोघांपैकी एकाने कोयता दाखवला. मी मागे फिरलो. पळालो म्हणा हवं तर. तेव्हापासून वाडीत पान हललं तरी मी घराकडे वळायचो. बायको, सुलभा, म्हणाली, वाडी खंडाने देऊन टाका. आजोबांनी लावलेली झाडं, ती चोरांच्या भीतीने दुसऱ्याच्या हवाली करायची? मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला.

परवान्याला वेळ लागतो, पोलिसांची चौकशी होते. पण मला कुठला दम? मुंबईला कामाला गेलो होतो, तेव्हा एका बंदुकीच्या दुकानात शिरून म्हाताऱ्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. त्याने दोन दाखवली. एक पोलादी, पाऊण किलोच्या आसपास. दुसरं हलक्या धातूचं, अर्ध्या किलोचं. मी लगेच हलक्यावर बोट ठेवलं.

तो म्हणाला, हलकं कमरेला बरं, पण उडवताना मनगटाला तेच जास्त झटका देतं. काडतुसं ज्या मापाचं हत्यार त्याच मापाची घ्या, आणि समुद्राकाठी राहता तर थोडीच घ्या, दमट झाली की ऐनवेळी दगा देतात. शेवटी म्हणाला, दिवसभर बाळगायचं तर आधी वजनाची सवय करून बघा. एवढ्या सगळ्यातून माझ्या डोक्यात शिरलं ते फक्त शेवटचं.

आता अर्ध्या किलोची सवय कशाने करायची? तुम्ही दुकानातलं वजन बांधलं असतं. पण वाडीवाल्याला अर्धा किलो म्हटलं की चिकूच दिसतात. डहाणू रोडला चपला शिवणाऱ्याकडून पट्ट्यात अडकवायचं चामड्याचं कव्हर शिवून घेतलं. काट्यावर तोलून पाच-सहा कच्चे चिकू त्यात दाबून बसवले. काडतुसांऐवजी मोटारीचे सहा नट खिशात. वरून शर्ट सोडला.

पहिल्याच दिवशी माझी चाल बदलली. वाडीवरचे जुने कामगार लाडक्याकाका माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, "शेठ, आलं वाटतं?" आता सरळ 'चिकू आहेत काका' म्हणायचं की नाही? मी नुसता हसलो. टपरीवर कोणी विचारलं, तर म्हणालो, वजन अजिबात जाणवत नाही हो. खोटं एक अक्षर बोललो नाही, बघा. दोन दिवसांत लोक मला बाकडं पुसून द्यायला लागले. केबलवाले फिरकले नाहीत. कोणाशी घासाघीस करताना माझा हात आपोआप कमरेला जायला लागला, आणि समोरचा गप्प व्हायला लागला. मला ते फार आवडलं.

त्या नादात निवडणुकीची आचारसंहिता लागलीय हे मी विसरलो. त्या काळात परवान्याची हत्यारंसुद्धा पोलिसांकडे जमा करावी लागतात. आणि मी तर रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मिरवतोय, असं आख्ख्या गावाला वाटत होतं.

चौथ्या दिवशी स्कूटरवरून शेताकडे निघालो. तलासरीच्या अलीकडे नाकाबंदी. पुढच्या गाड्या सोडल्या, मला बाजूला घेतलं. साहेबांनी माझी नंबरप्लेट बघितली, मग हातातला कागद बघितला. तेव्हा कळलं, कोणीतरी माझं नाव दिलंय. एक हवालदार माझ्या मागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याचा हात त्याच्या पिस्तुलावर.

"हात वर. कमरेला काय आहे?"

अर्ज गेला, मी आत जाणार, सुलभा वाडी खंडाने देणार, एवढंच डोळ्यांपुढे. चिकू हा शब्द आठवेना. चार दिवस मनात जे घोकत होतो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"रिव्हॉल्व्हर, साहेब. हलकं आहे. अर्ध्या किलोचं."

"काडतुसं?"

"सहा. खिशात."

मागच्या हवालदाराने जपून कव्हरचं बटण काढलं आणि आत हात घातला. चार दिवस अंगाच्या उबेत होतं ते. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत बरबटलेला. त्याने वास घेतला आणि साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"पिकलं, साहेब."

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोघे हवालदार पाठ करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. साहेब हसले नाहीत. माझ्या अर्जाची फाइल त्यांच्याच टेबलावर होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, कोयता दाखवला हो मला, भीती खरी आहे.

"भीती खरी आहे, मानतो," ते म्हणाले. "कोयतेवाल्यांना आम्ही बघतो. पण भाऊ, चिकू बांधून तुम्ही चार दिवस गावाला दम देत फिरलात. खरं रिव्हॉल्व्हर दिलं, तर मी गावाला कोणापासून सांभाळायचं?"

घरी आलो, आंघोळ केली, रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला कलेक्टर कचेरीत गेलो. टेबलापलीकडच्या कारकुनाने कारण विचारलं. मी म्हणालो, "आधी चोरांची भीती वाटत होती. आता माझी वाटते." त्याने मान वर न करता ते तसंच लिहून घेतलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.