आईचा शेक
रबरी हातमोज्यांचा वास आला की सोलापुरातली आमची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आठवते. एमएस्सीला किरणोत्सर्गाचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. सरांनी चिमट्याने बटणाएवढा किरणोत्सर्गी तुकडा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवला आणि यंत्र भराभर टिकटिकू लागलं. माझी वैरागची मैत्रीण मागे सरकली. तिच्या आईला कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता. "सर, मशीनने आईला देतात ते असंच असतं का?" तिने विचारलं. "असंच, पण फार तीव्र." "मग ते अंगात राहतं का? घरी आईचं ताट, अंथरूण वेगळं केलंय. धाकट्या भावाला जवळ जाऊ देत नाहीत." सरांनी तुकडा शिशाच्या डबीत बंद केला आणि यंत्र त्या रिकाम्या जागेवर तिलाच धरायला लावलं. टिकटिक जवळजवळ थांबली. "मशीन बंद झालं की संपलं. अंगात काही उरत नाही. आईजवळ खुशाल बस," सर म्हणाले. ती दुपारच्याच एसटीने गावी गेली. परत आल्यावर म्हणाली, "आम्ही दोघं आईच्या ताटात जेवलो. आई म्हणाली, लई दिसांनी जेवान गोड लागलं बघ." आता हे प्रॅक्टिकल मी घेते. सूचना सांगून झाल्या की थोडं थांबते आणि विचारते, "घरच्या कुणाबद्दल काही विचारायचंय का?"