दोन नावांची वाकळ

मागच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, नांदेडमधल्या एका हस्तकला प्रदर्शनात निलंग्याच्या काशीबाईंवर अन्याय झाला. त्या तिथे हजरही नव्हत्या. नोंदणीच्या टेबलावर बसून त्यांचं नाव लाल पेनानं खोडणारी मीच होते. म्हणून हे सांगणं मला भाग आहे. पण गोष्ट काशीबाईंपेक्षा कंधारच्या महानंदाकाकूंची जास्त आहे.

काकू आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. कधीही जा, हातात काम. "बस की, उभी काय राहिलीस वरातीतल्या घोड्यावानी," म्हणायच्या आणि नजर वर न करता पाय बाजूला घेऊन जागा करून द्यायच्या.

तरुणपणी त्यांनी एका मासिकाला पत्र पाठवलं होतं: हातानं केलेल्या वस्तूंची अदलाबदल करायला मैत्रीण हवी. उत्तर एकच आलं, काशीबाईंचं. तेव्हापासून कंधार-निलंगा टपाल सुरू. मण्यांचा मोर गेला की क्रोशाचं तोरण यायचं, कापडी बाहुली आली की जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ जायची. पार्सल मांजरपाटात शिवलेलं. काकू ती शिवण ब्लेडनं अलगद उसवायच्या आणि तेच कापड उलटं करून परत धाडायच्या.

दोघींचा एक नेम होता. वस्तू पुरी करून पाठवायची नाही. शेवटची ओळ सोडायची, सुई तिथंच टोचून ठेवायची. ती ओळ जिला मिळाली तिनं घालायची.

"पुरी करून धाडली की देणगी झाली," काकू म्हणायच्या. "आपल्याला कुठं देणगी पाहिजे?"

दोघी कधीच भेटल्या नाहीत. मी एकदा वैतागून म्हणाले, "काकू, एसटीनं एका दिवसात जाऊन येता येतं!"

"जाऊन काय करू? चहा पिऊ, सुनांच्या चुगल्या करू. वाकळ मग कोण शिवल, तू?"

पुढे काशीबाईंची नजर जाऊ लागली. चिठ्ठीत त्याचा एक शब्द नाही, पार्सलांवरूनच कळलं. आधी एक ओळ सुटलेली असायची, मग चार, मग अर्धी बाजू. काकूंनीही कधी विचारलं नाही. जेवढं मोकळं यायचं तेवढं भरायच्या. शेवटच्या वाकळेत काशीबाईंचे टाके एका कोपऱ्यातच होते, तेही वेडेवाकडे. उरलेली सगळी काकूंनी शिवली.

तीच वाकळ घेऊन त्या प्रदर्शनात आल्या, माझ्याच आग्रहावरून. अर्जावर दोन नावं, काशीबाईंचं आधी. आयोजकांचा नियम होता, एका वस्तूला एक कारागीर. मी तो कोपरा पाहिला, म्हणाले, "काकू, हे तर सगळं तुमचंच आहे." आणि खोडलं.

काकूंनी माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातलं पत्रक उचललं. 'बाईच्या कामाला बाईचं नाव द्या.' मीच लिहिलेली ओळ.

"वाच की पोरी मोठ्यानं. मी चष्मा न्हाई आणला."

चष्मा नाकावरच होता.

मी ते पत्रक त्यांच्या हातातून घेऊन पालथं ठेवलं. काकू वाकळेची घडी घालू लागल्या. "मी उजेडात बसून शिवलं," त्या म्हणाल्या. "तिनं अंधारात. लई शिवलं तिनं." आणि कंधारची बस धरायला निघून गेल्या. अन्याय बघितला की आवाज चढवायचा, एवढंच मला येत होतं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी भीत भीत काकूंकडे गेले, तर पाय बाजूला घेतलेले. "बस की."

उन्हाळ्यात काकू गेल्या. ती वाकळ मांजरपाटात शिवून, काशीबाईंचा पत्ता घालून ठेवलेली सापडली. टपालात टाकायची राहून गेली होती. मीच घेऊन निलंग्याला गेले.

काशीबाईंनी वाकळ मांडीवर पसरली. बोटं सरळ ओळींवरून फिरत कोपऱ्यात आली आणि थांबली.

"माझं उसवलं न्हाई व्हय गं तिनं?"

"एक टाकासुद्धा नाही."

"मग दोघींची हाय ही," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ त्या कोपऱ्यावरचा हात काढला नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरात हातानं शिवलेलं, विणलेलं, ओवलेलं काहीतरी असणारच. 'माहेरकडच्या कुणीतरी केलंय' म्हणून सुटू नका. कुणी केलं ते विचारा. एकीनं केलं की दोघींनी, तेही विचारा. आणि वस्तू उलटी करून मागं नाव लिहा. सगळी नावं लिहा. आजच.