टोपलीखालचा फोन

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, चैत्रात गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठले नाहीत. पुढचे विधी तुम्ही व्हिडिओवर पाहिलेत, पण एक गोष्ट आतल्या खोलीत झाली. ती तुम्हाला दिसली नसणार.

आमच्याकडे माणूस ज्या जागी गेला तिथे संध्याकाळी जमीन सारवून पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वरून टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जी खूण उमटलेली असेल तिच्यावरून जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखायचं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी ते पीठ मीच चाळलं. दुसऱ्या कोणाच्या हातून ते सारखं पसरलं गेलं नसतं.

टोपली झाकणार तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेनं दिरांचा फोन आणून पिठाशेजारी ठेवला. "त्यायले याच्याबिगर करमत नाई," ती म्हणाली. कोणी अडवलं नाही. बाई चार तासांपूर्वी विधवा झाली होती, आणि फोन ठेवू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं टोपली गुणगुणू लागली.

बातमी न पोचलेलं कोणीतरी त्यांना फोन लावत होतं. घंटी बंद होती, त्यामुळे फोन नुसता थरथरत होता. आम्ही आठ-दहा बायका भिंतीला टेकून बसलो होतो. सगळ्यांचं बोलणं थांबलं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. मग आत काहीतरी हलकेच कलंडल्याचं ऐकू आलं. टोपली सकाळपर्यंत उचलायची नसते. आम्ही उचलली नाही. मी तिथेच होते, मीही नाही.

सकाळी पाहिलं तर दिवा आडवा पडला होता आणि तेल पिठात मुरलं होतं. फोन थरथरत वीतभर सरकला होता, त्याची एक कड त्या काल्यात रुतली होती आणि मागे पिठात बारीक रेघा उमटल्या होत्या. "पाखराचे पाय हायेत," एक म्हातारी म्हणाली. जावेनं फोन पदरानं पुसला आणि दिरांच्या फोटोपाशी फळीवर चार्जिंगला लावून ठेवला. तेराव्यानंतर मी वाशीमला परत आले.

मे महिन्यात तिच्या शेजारणीनं मला फोन केला.

"मॅडम, तुमी या एक डाव. तुमच्या जाऊले फोन येऊन राह्यला."

"कोणाचा?"

"दादाचा."

ती पुढे म्हणाली, "दादा गेले ते मले बी मालूम हाय. पण नाव त्यायचंच येते, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. फोन आला का ह्या उठतात अन् विहिरीवर जातात. भर बारा वाजता. काठावर पाय सोडून बसतात. विहिरीले कठडा नाई. एखाद्या दिवशी काई झालं त मंग आमाले म्हनसान, सांगतलं काहून नाई."

जावेची एकुलती मुलगी पुसदला, तीन आठवड्यांची बाळंतीण. तिला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून शेलूबाजारला उतरले आणि तिथून जीपनं गावात गेले.

जाऊ हसून सामोरी आली. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले होते. चहा झाल्यावर तिनं आपला फोन माझ्या हातात दिला. दिरांच्या नावानं आलेल्या फोनांची रांग होती, सगळे दुपारचे. खाली संदेश होते, प्रत्येकात एकच वाक्य: मला मदत हवी आहे. त्याखाली नकाशा, आणि नकाशावर एक ठिपका. शेजारणीच्या मुलीनं तो उघडून दाखवला होता. ठिपका मागच्या शेतातल्या विहिरीवर होता.

माझ्या लगेच लक्षात आलं. दिवाळीत मी घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन घेऊन बसले होते. बाजूचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की जवळच्या माणसाला आपोआप फोन आणि संदेश जातो, तशी सोय करून दिली होती. वहीत यादीही केली होती. दिरांच्या नावापुढे जावेचा नंबर मीच भरला होता.

हे मी तिला समजावून सांगितलं. बटण कशानं तरी बिघडलंय, ते स्वतःच दाबलं जातंय. गावात टॉवर दूर आहे म्हणून ठिपका एका शेताएवढा चुकतोय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग बराबरच हाय न," ती म्हणाली. "मदत पाह्यजे म्हून त लावून राह्यले."

साडेबाराच्या सुमारास तिचा फोन वाजला. फळीवर, फोटोपाशी, दिरांच्या फोनचा पडदा उजळला होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. तिनं कानाला लावला आणि "अवो" म्हणाली, मग ऐकत राहिली. मी तिच्या हातातून फोन घेऊन माझ्या कानाला लावला. पलीकडे एक खोली होती. तिथे पंखा फिरत होता. बांगड्या वाजल्या, क्षणभरापूर्वी माझ्याच हातात वाजल्या होत्या. कोणीतरी श्वास घेत होतं, आणि ती मीच होते हे मला ठाऊक होतं. तरी मी श्वास रोखला. पलीकडचा श्वास थांबायला जरा उशीर लागला.

ती चपला घालत होती. मी दारात आडवी उभी राहिले.

"उद्या मी तो फोन उघडून दुरुस्त करते. तोवर विहिरीवर जायचं नाही."

"करा," ती म्हणाली. "त्यायचा आवाज येत नाई नीट."

दुसऱ्या दिवशी नाश्ता आटोपून मी कामाला बसले. तुमच्या बाबांनी पाठवलेली बारीक पेचकसांची पेटी सोबत नेली होती. फोन बंद केला की आपोआप सुरू होत होता, म्हणून चार्जिंग जवळजवळ संपू दिलं. मागचं झाकण गोंदानं चिकटवलेलं असतं, ते ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. आमच्या मे महिन्यात त्यासाठी यंत्र लागत नाही. फोन फडक्यात गुंडाळून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर पाच मिनिटं ठेवला आणि हात लावून लावून पाहत राहिले. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड फटीत घालून सावकाश चारी बाजूंनी फिरवली. झाकण सुटलं. पहिलं काम बॅटरीची जोडणी काढण्याचं. ती निघाल्यावर पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

स्क्रू हरवू नयेत म्हणून जावेचा मसाल्याचा डबा रिकामा करून घेतला होता. वरचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, मधले जिऱ्याच्या, खालचे हळदीच्या. जाऊ समोर पाट घेऊन बसली होती. ती एकदाही हलली नाही. मला वारंवार वाटत होतं की मी फोन उघडत नसून तिच्यासमोर दुसरंच काही उघडते आहे आणि ती आतलं ओळखीचं काही दिसण्याची वाट पाहते आहे.

बाजूच्या बटणाची पट्टी सोडवली आणि बिघाड सापडला. बटणामागे करड्या रंगाचा, वाळून घट्ट झालेला पिठाचा गोळा होता. तुरीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल. पीठ आणि दिव्याचं तेल. सकाळ-संध्याकाळ तो कडक राहत असणार. दुपारी वरच्या छपराचं टिन तापलं की फळीवर भट्टी होई, गोळा मऊ पडे आणि बटण आत-बाहेर होऊ लागे. म्हणून फोन फक्त दुपारी येत. सगळं जुळलं. मला केवढं हलकं वाटलं काय सांगू. मी तो गोळा सुईनं काढून बशीत ठेवला आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"हे बघ. हे होतं. दुसरं काही नाही."

तिनं वाकून पाहिलं. "हे त्या दिसचं पीठ?"

"हो."

"त्यायच्या जाग्यावरचं?"

तिनं तो कण बोटावर उचलून घेतला, थोडा वेळ पाहिला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

मी बटणाची जागा कापसानं पुसत होते. दुरुस्त झालेला फोन तिला दाखवला की हे संपेल, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात ती उठली. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होत होते. तिनं चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"बलावून राह्यले न."

"अगं, फोन इथं माझ्यापुढे उघडा पडलाय. बॅटरी काढलेली आहे. कोण बोलावणार?"

तिचा स्वतःचा फोन खाटेवर होता, पडदा काळा. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आता फोन कायले लागते, जाऊबाई?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मी डोक्यावर पदर घेऊन मागे धावले. या वयात मी धावत नाही, पण त्या दिवशी धावले. वावर नांगरलेलं होतं, ढेकळांत पाय मुरगळत होते. ऊन इतकं पांढरं की कुठे सावली म्हणून नव्हती. तिचीही नाही, माझीही नाही. एक पाखरू बोलत नव्हतं. मी पोचले तेव्हा ती काठावर पाय सोडून बसली होती. मी तिच्यामागे बसून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. खाली फार खोल, परातीएवढं पाणी होतं आणि त्यात आमची दोन डोकी दिसत होती.

"अवो," ती आत वाकून म्हणाली, "जेवले का?"

विहिरीनं ते परत दिलं. तिनं मान हलवली.

तेव्हा मला माझी चूक कळली. फोन बिघडलेला होता तोवर तो वाजेपर्यंत ती घरात थांबत होती. मी तो दुरुस्त करून तिला घरात थांबवणारं एकच कारण काढून टाकलं होतं. विज्ञानाचं जे काही मला येत होतं, ते सगळं बशीत मांडून झालं होतं.

"घरी चल," मी म्हटलं. "माझ्यासोबत वाशीमला चल."

"तिकडं मले त्यायचं आयकू येनार नाई."

"आणि इथं पडलीस तर? लेकीला काय सांगू मी? तिचं बाळ तू अजून हातात घेतलं नाहीस."

ती मान न वळवता म्हणाली, "तुमी एक करसान का? त्यायचा फोन तुमी न्या. दुपारच्याले तुमीच लावत जा. म्या घरी बसून वाट पाहीन. फोन आला त घरातच बोलीन. इकडं कायले येईन मंग?"

"मी लावलाय हे तुला माहीत असणार."

"असू द्या न. तुमी फकस्त बोलू नोका."

एरवी मी असल्या गोष्टीला मान्यता दिली नसती. पण माझे हात तिच्या कमरेभोवती होते आणि समोर कठडा नव्हता. मी हो म्हणाले. ती लगेच उठली, पदर झटकला, आणि वाटेत मला सावकाश चाला, ढेकूळ लागंल, असं बजावत घरी आली. मी वाटीवाटीतले स्क्रू जागच्या जागी लावले, झाकण बसवलं. फोन नीट सुरू झाला. विहिरीला लोखंडी जाळी बसवायचं मी भावकीतल्या पुतण्यांना सांगून आले. तीही आता बसली आहे.

तेव्हापासून रोज साडेबाराला, पडदे ओढून, मी दिरांच्या फोनवरून तिला फोन लावते. शेजारीण सांगते, जाऊ विहिरीकडे फिरकत नाही, दोन वेळा जेवते. पुसदला जाऊन बाळही पाहून आली. त्या दिवसांतही मी फोन चुकवला नाही. मी एक शब्द बोलत नाही. ती सांगत असते: तूर कोणाकडे भरडायला दिली, लेक कशी आहे, टिन कसं तापतं. मध्येच थांबते. जेवढा वेळ समोरच्याला उत्तर द्यायला लागतो, तेवढाच वेळ थांबते. मग "हो न" म्हणते, किंवा "काई बी सांगता," म्हणून हसते. त्या थांबण्यात मला पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही. मी फोन कानाला घट्ट दाबूनही पाहिला आहे.

परवा ती असंच काहीतरी ऐकत होती. बराच वेळ गेला. मग तिनं आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाली, "थांबा. जाऊबाई आयकून राह्यल्या."