सहातली रेघ

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे मामंजी तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पीत. खणाला कुलूप लावायचं आणि ते ओढून बघायला पुन्हा जिन्यावरून माघारी यायचं, हा रोजचा नेम.

जन्मभर त्यांनी स्वरलेखनाची छपाई केली. पाश्चात्त्य संगीताच्या जुन्या हस्तलिखितांत खालच्या सुरांखाली आकडे असतात. ते बघून वाजवणारा वरचे सूर स्वतः बसवतो. सहाच्या आकड्यातून तिरपी रेघ गेली, की खालच्या सुरापासूनचा सहावा सूर अर्ध्या सुराने चढवायचा. एका नव्या फॉन्टसाठी हे आकडे मामंजींनी तळहाताएवढे मोठे काढले आणि मी, त्यांची सून, ते कॉम्प्युटरवर घेतले.

छापील नमुना त्यांनी भिंगाखाली धरला.

"रेघा कुठे गेल्या?"

"आहेत की, मामंजी. आकडा लहान झाला, म्हणून बारीक दिसतात."

"मला शिकवू नकोस. खाडाखोड समजून तूच काढल्यास. उद्या प्रकाशकांना सांगतो, हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

मला रडूच फुटलं. काम जाणार होतं ते जाणारच, पण घरातल्या घरात मी खोटी ठरले होते.

"आईंना विचारा," मी म्हणाले. सासूबाई असेच आकडे बघून ऑर्गन वाजवत.

"ती तुझीच री ओढणार!"

मग त्यांनी स्वतःच सापळा लावला. एक कोरी चाल रचली आणि समोर बसवून माझ्याकडून छापून घेतली. कुणी आपणहून सूर चढवणार नाही, अशा जागी रेघेचा सहा घातला. कागद स्वतः उचलला आणि ऑर्गनपाशी बसलेल्या सासूबाईंसमोर ठेवला. मला तोंड उघडायची बंदी.

सासूबाई वाजवत गेल्या. नेमक्या त्या जागी सूर चढला.

"अहो, हे काय भलतंच लिहिलंय?"

"परत वाजव."

परतही चढला.

मामंजींनी कागद खिडकीशी नेला. जवळ धरला, लांब धरला, भिंग सदऱ्याला पुसलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"सूनबाई, कुठे आहे गं ती?"

मी त्यांचं बोट धरून सहावर टेकवलं.

"इथे?"

"इथेच."

ते खुर्चीत बसले. बोट तिथून हलवलं नाही.

"सगळ्यांवर संशय घेऊन झाला," ते म्हणाले, "डोळे तेवढे राहिले होते."