बाटलीत चमचाभर साखर

घरी बिअर करायचा संच एका मित्रानं परदेशातून आणून दिला. मी तो उघडला तो पिण्यासाठी कमी, बघण्यासाठी जास्त, असं मी स्वतःला सांगितलं. आत काकवीसारखा दाट पाक, यीस्टची पुडी आणि एक पत्रक. साखर मात्र आपली आपण घालायची, तीही अर्धा किलो! एवढ्यात आमच्या अख्ख्या मजल्याचं श्रीखंड झालं असतं. आणि इतकी साखर पिऊन तयार होणार काय, तर कडू पाणी. मग ती साखर जाते कुठे? या प्रश्नानं मला पछाडलं. कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दामच शोधलं नाही.

बिबवेवाडीच्या या घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई गेल्यावर ते नागपूरहून माझ्याकडे राहायला आले. जन्मभर सरकारी नोकरी, व्यसन चहाचं. रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, जरा मोठ्यानं म्हणतात असा माझा जुना संशय आहे. त्याला कारण आहे. त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, दारूपायी चाळिशीत गेले. मी आता त्याच वयाचा आहे. त्यामुळे पाक, साखर आणि पाणी भरलेली बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली तेव्हा बोलणी खायची तयारी ठेवली होती. बाबा नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मला भाषणापेक्षा जास्त लागतं.

दोन दिवसांनी पाहतो तर ते बादलीपाशी वाकून उभे. आतून बुडबुड ऐकू येत होती.

"काय चाललंय हे?"

"यीस्ट साखर खातंय, बाबा."

"सगळी खातं?"

"सगळी. मग गोडवा संपतो."

खाऊन ते तिची दारू करतं, हे पुढचं वाक्य मी गिळलं. बाबांसमोर तो शब्द काढायचा धीर मला अजूनही होत नाही. पण त्यांनी विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की पुढचे दोन आठवडे मी त्यांना रोज बादलीची खबर देत होतो.

मग एका संध्याकाळी ती बिअर चौदा बाटल्यांत भरली. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घातली, तारेच्या खिटीची झाकणं लावली, बाटल्या ओट्याखालच्या कपाटात ठेवल्या आणि सकाळी हिंजवडीला ऑफिसला गेलो.

आठवड्यानंतरच्या रविवारी आम्ही जेवत असताना कपाटात फाटकन आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा. दाराखालून फेस वाहू लागला. मी गणित मांडत बसलो. अर्धा चमचा, तोही सपाट. एवढ्यानं बाटली फुटणं शक्यच नव्हतं.

"साखर जास्त झाली कशी?" मी स्वतःशीच म्हणालो.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी घातली. तू ऑफिसला गेल्यावर. प्रत्येकीत एकेक चमचा."

"अहो, पण का?"

"तू चवीला अर्धा चमचा घातलास, ते पाहिलं होतं मी. यीस्टचं खाऊन झालंय, आता घातलेली गोडच राहील असं वाटलं. गोडमिट्ट झाली तर तू फार पिणार नाहीस." ते ताटाकडे बघत बोलत होते. "दादाला मी तोंडावर बोललो होतो. त्यानं माझ्यासमोर प्यायचं सोडलं, बाकी काही सोडलं नाही."

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. अर्धवट मीच सांगितलं होतं.

उरलेल्या बाटल्या मोकळ्या करणं भाग होतं. पुणेकर म्हणून ज्या हेल्मेटला मी जन्मभर नावं ठेवली, ते डोक्यावर चढवलं, जाड हातमोजे घातले आणि एकेक बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये उघडू लागलो. बाबांना दाराबाहेरच थांबवलं.

"बाबा, यीस्ट साखर खातं आणि तिचीच दारू करतं," मी आतून ओरडून सांगितलं. "हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं."

बाहेरून बाबांनी विचारलं,

"म्हणजे मी वाढवली?"

"थोडीशी."

मी शेवटची बाटली ओतली. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इतकं सगळं विचारत बसलो तुला," ते म्हणाले. "तू किती पितोस, एवढंच विचारलं नाही."

"शनिवारी एखादी," मी म्हणालो.

मग हेल्मेट काढलं आणि खरं काय ते सांगितलं.