तंबूवालीचं दुसरं चित्र

त्या दुपारी आम्ही नवरा-बायको फाटका तंबू शिवत बसलो होतो आणि भांडत होतो. ढोकीच्या फडावर ऊस तोडणाऱ्या बायांचं हलतं चित्र काढायचं तिनं ठरवलं होतं. सोलापूरचा कॅमेरावाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. मी म्हटलं, "ऊसतोड कोण बघतंय? लोकं रोजच बघतात."

"तुम्ही रोज आरसा बघता न्हाय का?" ती म्हणाली.

तिला सगळा मुलूख तंबूवाली म्हणायचा. आमचा तंबूतला फिरता सिनेमा. भूमच्या बाजारापासून अणदूरच्या जत्रेपर्यंत बैलगाडीतून न्यायचो. मशीन माझ्याकडं, बाकी सगळं तिच्याकडं. खेळ सुरू झाला की ती पडद्याकडं पाठ करून बसायची आणि लोकांची तोंडं बघायची. कुठं जांभई आली, कुठं पदर डोळ्याला गेला, सगळं ध्यानात. स्वतः चित्र काढायचं खूळ तिथंच तिच्या डोक्यात शिरलं. मी हसलो होतो. खोटं कशाला सांगू?

पहिलं चित्र तिनं अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेचं काढलं, दहाच मिनिटांचं. पुढच्या जत्रेत तिथंच दाखवलं. लोकांनी उधळलेला भंडारा पडद्यावर पांढरा धूर दिसला. काळ्या-पांढऱ्या चित्रात हळद पिवळी दिसायची नाही, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मागून एक म्हातारा ओरडला, "तंबूवाले, देवावर पीठ उधळलंस व्हय गं?" सगळा तंबू हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, देवळापाशी जाऊन पिशवीभर भंडारा घेऊन आली आणि दुसऱ्या खेळाला नेमक्या त्या प्रसंगाला पडद्यासमोर मुठी-मुठीनं उधळला. लोकं उठून उभी राहिली. येळकोट येळकोट सुरू झालं. तो म्हातारा तिसऱ्या खेळालाही आला. तेवढा सुखी मी कधीच नव्हतो.

त्या दुपारी भांडत भांडत तंबू शिवून झाला. दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर यायच्या आत ती गेली. लगेच अग्नी दिला.

सकाळी मी टोपी घातली. भावकी म्हणाली, "सुतकात कुठं निघालास?"

"तिच्या कामाला."

फडावर बाया वाट बघत होत्या. "बाई कुठं हायत?" मी सांगितलं. दोघी-तिघींनी कोयते खाली ठेवले. त्यांतली थोरली म्हणाली, "मग आता चित्र न्हाय व्हय?"

"हाय तर. उगंच आलोय का मी?"

बायांनी डोळे पुसले, कोयते उचलले. कॅमेरावाल्यानं मला विचारलं, "मालक, कुठून सुरू करू?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय? या बायांना विचार."